या वाक्याचा कर्ता कोण?

नोकरकपातीची पत्रं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि शेवटी पाठवायचं बटण दाबणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, पण तुमचा मजकूर मी चांगला ओळखते. गेली सतरा वर्षं मी भाषांतराची कामं करते. यंत्रांच्या पुस्तिका, विम्याच्या अटी, औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, आणि मधूनमधून, बहुतेक वेळा रात्री साडेनऊनंतर, तुमची पत्रं. ती फाइल आली की लगेच कळते. तिला पासवर्ड असतो. नावात ‘प्रोजेक्ट सनराइज’ असं काहीतरी प्रसन्न असतं. आणि सोबत एक ओळ: सकाळी सातच्या आत हवं, कुणाशी चर्चा करू नये. अशी पाच पत्रं मी आजवर केली. कंपन्या पाच होत्या, पत्र एकच होतं.

पहिली चार मी मुकाट्यानं केली. पाचव्याला अडकले, आणि जिथे अडकले तिथूनच हे पत्र लिहिते आहे.

पहिला खडा ‘इम्पॅक्टेड एम्प्लॉइज’चा. सरळ ‘प्रभावित कर्मचारी’ लिहून टाकावं, तर मराठीत प्रभावित होणं म्हणजे कुणाच्या भाषणानं भारावून जाणं. नोकरी गेल्यामुळे प्रभावित झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग ‘बाधित’ लिहिलं आणि दचकले. पूरबाधित, रोगबाधित, प्रकल्पबाधित. हा शब्द आला की कुठेतरी पाणी चढलेलं असतं, साथ आलेली असते. तुमच्या इमारतीत तर पाणी शिरलं नव्हतं. चार माणसांनी एका खोलीत बसून एक यादी केली होती. (‘प्रकल्पबाधित’ मात्र अगदी चपखल बसला असता, फाइलच्या नावातच प्रोजेक्ट होतं. पण तो विनोद सकाळी सातला कुणाला कळला नसता.)

पुढे ‘लेट गो’. ‘आम्हाला तुम्हाला जाऊ द्यावं लागत आहे.’ मराठीत ‘जाऊ दे’ आपण रागावलेल्याला समजावताना म्हणतो, नाहीतर कधीची परवानगी मागणाऱ्याला कंटाळून देताना. तुमचं वाक्य मराठीत उतरवलं की असं दिसतं, जणू कर्मचारी महिनाभर पिशवी घेऊन दारात उभा होता, ‘जाऊ द्या ना’ म्हणत होता, आणि तुम्ही मोठ्या मनानं अखेर हो म्हणालात.

पण हे सगळे शब्दांचे खडे. शब्द निवडून काढता येतात, ते माझं कामच आहे. खरी पंचाईत झाली ती एका अडीच अक्षरी सर्वनामाशी.

इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत दोन आहेत, आणि त्यांच्यामध्ये भिंत आहे. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर. इंग्रजी पत्र लिहिणाऱ्याला ही भिंत दिसतच नाही, त्याचा एकच ‘वी’ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरकत जातो. मला प्रत्येक वेळी थांबून ठरवावं लागतं. ‘गेल्या वर्षी वी विक्रमी वाढ साधली’: इथे आपण. ‘वी एक कुटुंब आहोत’: आपण, अर्थातच. ‘बाजारातील बदलांमुळे वी एक कठीण निर्णय घेतला आहे’: आणि इथे माझा हात थांबला. ‘आपण’ लिहिणं खोटं, कारण ज्याला काढलं त्यानं काही ठरवलेलं नाही. म्हणून ‘आम्ही’. दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्ये जी मोकळी ओळ असते ना, तिथे माणसाची नोकरी जाते. बाकीचं पत्र नंतरचं सामान आहे.

गंमत शेवटच्या ओळीत. ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ पहिल्या परिच्छेदातला ‘आपण’ इथे परत आला, पण आता तो आदरार्थी झाला. म्हणजे फक्त तुम्ही, आम्ही नाही. एकाच पत्रात एकच शब्द मिठी मारतो आणि हात जोडतो. हे मी ठरवून केलं नव्हतं. तुमच्या मजकुरात ते होतंच, मराठीनं फक्त दाखवलं.

माझा आक्षेप गोड बोलण्याला नाही, हे आधीच सांगते. मराठीला गोड बोलणं वर्ज्य नाही. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणतात. दिवसाचा व्यवहार आटोपणारा ‘दुकान वाढवतो’. निघालेला माणूस ‘येतो’ म्हणून जातो. नोकरीवरून काढण्यालाही आपण ‘नारळ दिला’ म्हणतो, आणि त्याहून मंगल दुसरं काय असणार. पण या शब्दांनी कुणी फसत नाही. दुकान वाढवलं ऐकून नवी शाखा निघाली असं कुणाला वाटत नाही, नारळ मिळाला ऐकून सत्कार झाला असं कुणी समजत नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला अशुभ टोचू नये एवढाच त्यात हेतू. शिवाय नारळ देणारा कुणीतरी असतो. ‘साहेबांनी नारळ दिला’ हे पूर्ण वाक्य आहे. त्यात साहेब आहेत.

तुमच्या गोड शब्दांचा कल उलटा आहे. ते ऐकणाऱ्याला नाही, बोलणाऱ्याला जपतात. आणि पहिलं काम करतात ते साहेबांना वाक्यातून उचलण्याचं.

ऑगस्ट २००६ मध्ये रेडिओशॅक या अमेरिकी कंपनीनं सुमारे ४०० कर्मचाऱ्यांना ई-मेलनं कळवलं. मजकुराचा आशय असा: मनुष्यबळ कमी करण्याबाबतच्या सूचनांचे काम सध्या सुरू आहे, दुर्दैवाने रद्द झालेल्या पदांपैकी आपले एक आहे. शाळेत प्रयोग शिकवताना बाई विचारायच्या, ‘क्रिया कोण करतो?’ इथे कोण करतो? काम आपोआप सुरू आहे, पद आपोआप रद्द झालं आहे, आणि जे काही उरलं ते दैवानं केलं आहे. या वाक्यात एकही जिवंत प्राणी नाही, फक्त ज्याची नोकरी गेली त्याचं ‘आपले’.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं साधारण निम्मी माणसं काढली. आदल्या दिवशी सगळ्यांना जो मेल गेला, त्याखाली माणसाचं नाव नव्हतं, सही होती ‘ट्विटर’. इमारतीनं पत्र लिहावं तसं.

कर्ता असलेली पत्रंही आहेत, हे मान्य. २० जानेवारी २०२३ ला गूगलनं सुमारे १२,००० जणांना काढलं तेव्हा सुंदर पिचाई यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं. आपल्याला इथवर आणणाऱ्या निर्णयांची पूर्ण जबाबदारी मी घेतो, असा त्यातल्या त्या गाजलेल्या वाक्याचा अर्थ. व्याकरण पाहा: ‘मी’ आहे, चांगलं आहे. पण ‘इथवर आणणं’ ही क्रिया पुन्हा निर्णयांनी केली. मी फक्त जबाबदारी घेतो. मराठीत एखाद्यानं जबाबदारी घेतली म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे आता काय करणार? भांडं फोडलेला पोरगा ‘मी फोडलं’ म्हणाला की केर काढायचा झाडू त्याच्या हातात येतो. त्या पत्रानंतर झाडू कुणाच्या हातात होता, तर अमेरिकेतल्या त्या कर्मचाऱ्यांच्या, ज्यांच्यापैकी अनेकांना सकाळी कामाचं खातं उघडेना तेव्हाच कळलं.

फेसबुकची मालक कंपनी मेटानं आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० हून अधिक माणसं काढली, मार्च २०२३ मध्ये आणखी सुमारे १०,००० पदं जाणार असं जाहीर केलं, आणि त्या सालाला नाव दिलं ‘कार्यक्षमतेचं वर्ष’. वर्षाला नाव देण्याची हौस समजू शकते. पण मग पहिल्या ११,००० माणसांचं काय, त्यांची वर्षं अकार्यक्षमतेची होती का? बाहेर पडलेल्याच्या कपाळावर हा शिक्का नकळत बसतो, आणि पुढच्या मुलाखतीला तो पुसायचं काम त्याचं.

शब्दांइतकाच क्रमही बोलतो. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या उपकरण विभागाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र ‘हॅलो देअर’ असं सुरू होतं. मग धोरण, मग फोनची श्रेणी, मग कुठला कारखाना काय करणार. दहाएक परिच्छेद सरल्यावर कुठेतरी येतं, की यातून वर्षभरात अंदाजे १२,५०० कर्मचाऱ्यांची घट होईल. घट! भाव घसरावेत, पाण्याची पातळी उतरावी, तशी माणसांची घट. मी हे पत्र प्रथम वाचलं ते व्यावसायिक कुतूहलानं, आणि तेव्हाही परिच्छेद मोजत होते. ज्याची नोकरी टांगणीला होती त्यानं ते कसं वाचलं असेल? तो वरून खाली वाचत नाही. त्याचा अंगठा थेट आकडा शोधत खाली धावतो, आणि वरचं सगळं, तुम्ही आठवडाभर खपून घासलेलं धोरण, न वाचताच मागे पडतं.

सिटीग्रुप या अमेरिकी बँकेनं डिसेंबर २०१२ मध्ये ११,००० हून अधिक पदं कमी करताना त्याला ‘रिपोझिशनिंग’ म्हटलं, आणि विविध प्रदेशांमधल्या ग्राहक-‘फूटप्रिंट’चं ऑप्टिमायझेशन होईल असं सांगितलं. हे मराठीत करून पाहा. पाऊलखुणा अनुकूलित केल्या. मी व्यवसायानं भाषांतरकार आहे, पण यावर मलासुद्धा पैसे परत करावेसे वाटतील.

अगदी ‘ले-ऑफ’ हा शब्दसुद्धा मुळात असाच निसटता. त्याचा जुना अर्थ काम नसल्यामुळे तात्पुरतं थांबवणं, काम आलं की परत बोलावणं. भारतातल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो याच अर्थानं होता, कायमचं काढण्याला तिथे वेगळा शब्द होता. ‘डाउनसायझिंग’ तर १९७० च्या दशकात मोटारगाड्या आकारानं लहान करण्यासाठी वापरला जायचा. गाडीवरून तो माणसांवर आला. मग तोही बोचायला लागला, तेव्हा ‘राइटसायझिंग’ निघालं, म्हणजे आधीचा आकार चुकीचा होता आणि ती चूक म्हणजे तुम्ही. शब्द मळला की नवा आणायचा. पण मळ शब्दाला शब्दामुळे लागत नाही, ज्या गोष्टीवर तो घासला जातो तिच्यामुळे लागतो.

तुम्हाला साधं लिहिता येत नाही, असं मात्र नाही. अमेरिकेत १९८८ चा एक कायदा आहे, ‘वॉर्न’ नावाचा. शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीनं मोठी कपात करण्याआधी ६० दिवस लेखी सूचना द्यायची. त्या सूचनेत काय लागतं? कपात कायमची की तात्पुरती. कोणत्या तारखेपासून. आणि अधिक माहितीसाठी कंपनीच्या कोणत्या अधिकाऱ्याशी बोलायचं, त्याचं नाव आणि फोन नंबर. ती सूचना दोन मिनिटांत वाचून होते. तिथे प्रवास नसतो, नवं पर्व नसतं, कुटुंब तर नसतंच. त्याच कंपनीचं, त्याच आठवड्यातलं, कर्मचाऱ्यांना गेलेलं पत्र शेजारी ठेवून वाचलं की कळतं: कायद्याच्या कागदात तारीख आणि नाव असतं, गुंतवणूकदाराला खर्च किती वाचणार त्याचा आकडा मिळतो, आणि ज्याचं काम गेलं त्याला लिहिलेल्या पत्रात ‘कठीण निर्णय’ असतो.

तुमच्या बाजूनं काय म्हटलं जाईल, ते मला ठाऊक आहे, कारण त्या पाचव्या पत्रासोबत व्यवस्थापकांसाठीचं संभाषणाचं टिपणही माझ्याकडेच आलं होतं. पाने दोन. बैठक पंधरा मिनिटांची, कॅलेंडरवर शीर्षक ‘क्विक कॅच-अप’. पहिल्या मिनिटात निर्णय सांगा. ‘येथे ३ सेकंद थांबा.’ माफी मागू नका. निर्णयाशी तुम्ही सहमत नाही असे सुचवू नका. ‘मीच का?’ असे विचारल्यास: निर्णय व्यक्तींबाबत नसून पदांबाबत आहे. पुन्हा विचारल्यास वरील वाक्य पुन्हा सांगा.

ते तीन सेकंद मी मराठीत कसे करू, या विचारात मी बराच वेळ बसून होते. सेकंदांचं भाषांतर होत नाही, तसेच ठेवले. पण एक लक्षात आलं: टिपण ज्याच्यासाठी होतं, त्या व्यवस्थापकाचीही मला कीव आली. आठ वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला हे वाचून दाखवायचं, आणि त्यानं विचारलं की तेच वाक्य पुन्हा. कदाचित यादी त्यानं केलेलीही नसेल. तुमच्यातल्या पुष्कळांची अवस्था हीच असणार. वकिलानं एक शब्द खोडला, जनसंपर्कवाल्यानं दुसरा घातला, वरून तिसरा आला, आणि सही तुमची. म्हणूनच हे पत्र एका कुणाला नाही, सगळ्यांना आहे.

सरळ बोललं की सगळं भागतं, हेही खरं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या कंपनीच्या प्रमुखानं सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर काढलं. या कॉलवर असाल तर काढल्या जाणाऱ्या दुर्दैवी गटात तुम्ही आहात, असं तो सरळ म्हणाला. गोलमाल काही नव्हतं, फक्त तिथेही दैव आलंच. मार्च २०२२ मध्ये ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीजनं जवळपास ८०० खलाशांना आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून सांगितलं की आज तुमचा शेवटचा दिवस. याहून स्वच्छ वाक्य सापडायचं नाही. आणि आठवडाभरानं कंपनीच्या प्रमुखानं संसदेच्या समितीसमोर कबूल केलं की कामगार संघटनांशी आधी चर्चा करणं कायद्यानं बंधनकारक होतं, आम्ही ती न करण्याचं ठरवलं. ‘आम्ही ठरवलं.’ कर्ता अखेर सापडला, पण खासदारांना, खलाशांना नाही. आणि कबूल करणं म्हणजे सुधारणं नव्हे.

मे २०२० मध्ये एअरबीएनबीनं सुमारे १,९०० जणांना काढलं, म्हणजे कंपनीतला दर चौथा माणूस. कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांचं पत्र लांब होतं, त्यात प्रेमबिमही होतं, आणि ‘आकार कमी करत आहोत’ हे तिथेही होतंच. पण मधला भाग रोखठोक: अमेरिकेत १४ आठवड्यांचा मूळ पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवडा, आरोग्य विम्याचं १२ महिन्यांचं संरक्षण, लॅपटॉप तुमच्याकडेच राहील, नवी नोकरी शोधायला कंपनीतली माणसं मदत करतील. हे वाचताना मला भाषांतराची अडचण येणार नाही, हे लगेच कळलं. आठवड्याला आठवडा, लॅपटॉपला लॅपटॉप. जिथे खरोखर काही दिलेलं असतं तिथे शब्द आडवे येत नाहीत.

म्हणून माझं मागणं भाषेतलंच आहे, कारण मला तेवढंच कळतं. कंपनीला कपात करावी लागूच नये, असं मी म्हणत नाही. धंदा बसतो, अंदाज चुकतात, कधी सगळंच बुडण्यापेक्षा थोडं तोडावं लागतं. पण पहिल्या ओळीत सांगा की नोकरी गेली. दुसरीत तारीख, तिसरीत पैसे किती आणि कधी. मग वाटल्यास धोरण लिहा, ज्याला वाचायचं तो वाचेल. ‘आम्ही गेल्या वर्षी गरजेपेक्षा जास्त भरती केली, तो आमचा अंदाज चुकला’ असं लिहिता येत असेल तर लिहा. वकील ते खोडेल, हे मला माहीत आहे. तो खोडतो आहे हे तरी तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. आणि जिथे ‘कुटुंब’ हा शब्द असेल तिथून तो काढा. कुटुंबातून बाहेर काढण्याला मराठीत जे शब्द आहेत ते तुम्हाला तुमच्या पत्रात नको असतील.

त्या पाचव्या पत्रात जिथे ‘वी’सुद्धा नव्हता, तिथे मी समासात एक शेरा टाकला होता, भाषांतरकार टाकतात तसा: ‘पान १, परिच्छेद ३. या वाक्याचा कर्ता कोण? मराठीत लागेल.’ पहाटे पावणेपाचला उत्तर आलं, एका ओळीचं: ॲज इज ठेवा. मी ‘निर्णय घेण्यात आला आहे’ असं लिहिलं आणि फाइल पाठवली. त्या वाक्याचे मला नेहमीच्या दरानं पैसे मिळाले.

सहावी फाइल येईल. तेव्हा मी ते तसं लिहिणार नाही. ‘हा निर्णय ______ यांनी घेतला आहे’ असं लिहून, मध्ये रिकामी जागा सोडून, सातच्या आत परत पाठवणार आहे. जागा तुम्ही भरा. नाव देवनागरीत मी करून देईन, त्याचे वेगळे पैसे लावणार नाही.

आपली नव्हे, तुमची,
एक भाषांतरकार